बोल्टातला हायड्रोजन आणि भट्टीचे तास

साकीनाका मेट्रो स्टेशनवरून उतरून खैरानी रोडला लागले की दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत गाळेच गाळे दिसतात. कुठे लेथ चालू असते, कुठे प्रेस, कुठे पॉलिशिंगचा पट्टा. त्यांतले प्लेटिंगचे गाळे तेजाबाच्या वासावरून लांबूनच ओळखू येतात. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत वडील, भाऊ किंवा मुलगा अशा गाळ्यात कामाला आहे, नाहीतर कधी काळी होता. या महिन्याचा विषय त्याच गाळ्यातल्या टाकीतला आहे. हायड्रोजन धातूच्या आत शिरतो कसा, आत फिरतो कसा, आणि त्याला वेळेवर बाहेर काढले नाही तर काय होते, ते आज पाहू.

फिटर आणि गॅरेजवाल्यांना एक अनुभव ओळखीचा आहे. जस्ताचा मुलामा दिलेला नवाकोरा, चकचकीत बोल्ट बसवला आणि पाना लावून नीट आवळला. त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी, कधी दोन-तीन दिवसांनी, कुणी हात न लावता त्याचे डोके तुटून खाली पडले. गंज नाही, वाक नाही, ताणले गेल्याची खूणही नाही. लोक म्हणतात, "माल डुप्लिकेट निघाला." कधी ते खरे असते. पण पुष्कळदा पोलाद अस्सल आणि चांगले कडक असते, आणि कडक असते म्हणूनच तुटते. दोष असतो तो मुलामा देताना आत शिरलेल्या हायड्रोजनचा.

टाकीत काय घडते?

दहावीच्या विज्ञानात 'धातुविज्ञान' हा पाठ आहे. गंजण्यापासून बचावाचा एक उपाय म्हणून त्यात विद्युत विलेपन येते. मुले व्याख्या पाठ करतात. गाळ्यात काम करणारा माणूस तीच गोष्ट रोज हाताने करतो. आधी भागावरचे तेल धुतले जाते. मग गंज आणि भट्टीची काजळी काढायला तो तेजाबात बुडवतात. याला पिकलिंग म्हणतात. लोखंड आणि तेजाब एकत्र आले की हायड्रोजन तयार होतो, आणि भागावर बुडबुडे दिसतात ते त्याचेच.

त्यानंतर भाग जस्ताच्या द्रावणात सोडून विजेच्या ऋण टोकाला जोडतात. वीज चालू केली की द्रावणातले जस्त भागावर बसू लागते. पण सगळी वीज जस्त बसवण्यातच खर्च होत नाही. तिच्यातला काही हिस्सा पाण्यातला हायड्रोजन मोकळा करतो, आणि तोही त्याच भागाच्या पृष्ठभागावर. म्हणजे एका बोल्टाची हायड्रोजनशी दोनदा गाठ पडते, एकदा तेजाबात आणि एकदा विजेच्या टाकीत.

रेणू नव्हे, अणू

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. हवेतला हायड्रोजन एकटा नसतो. त्याचे दोन अणू जोडीने राहतात आणि त्या जोडीला आपण रेणू म्हणतो. ही जोडी धातूत शिरू शकत नाही. म्हणूनच पोलादी सिलिंडरमध्ये हायड्रोजन वायू भरून ठेवता येतो. फुग्यातला वायू रबरातून हळूहळू निघून जातो तो जोडीनेच जातो. धातूचा कायदा वेगळा आहे. धातूच्या आत जायला जोडी तुटून अणू सुटा व्हावा लागतो.

तेजाबात आणि प्लेटिंगच्या टाकीत नेमके हेच घडते. तिथे हायड्रोजन पृष्ठभागावर सुट्या अणूंच्याच रूपात जन्माला येतो. बहुतेक अणू लगेच जोडीदार शोधून बुडबुड्यातून निघून जातात. ज्यांना जोडीदार मिळायच्या आत आतली वाट मिळते, ते पोलादात उतरतात. हायड्रोजनचा अणू फारच लहान. लोखंडाचे अणू रचून ठेवलेल्या संत्र्यांसारखे ओळीने बसलेले असतात आणि त्यांच्यामध्ये फटी राहतात. त्या फटींतून हा अणू एकातून दुसऱ्यात उड्या मारत पुढे जातो.

उर्दूत आपण 'जज़्ब होणे' म्हणतो, मराठी पुस्तकात 'शोषण' म्हणतात. हायड्रोजन धातूत उतरला, ते जज़्ब होणे. मग तो जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे पसरत जातो. त्याला मराठीत 'विसरण' आणि उर्दूत 'नुफ़ूज़' म्हणतात. एका खोलीत अत्तराची कुपी उघडली की सुगंध शेजारच्या खोलीत पोहोचतो, तेही विसरणच. फरक एवढाच की अत्तर हवेतून पसरते आणि हायड्रोजन चक्क पोलादातून.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली ती थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश शास्त्रज्ञाने, १८६६ च्या सुमारास. पॅलेडियम हा चांदीसारखा दिसणारा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कितीतरी पट हायड्रोजन पिऊन घेतो, हे त्याने दाखवले. हा आकडा ९०० पटीपर्यंत जातो. वाटीभर धातूत ९०० वाट्या वायू, असे समजा. पॅलेडियमचा पातळ पत्रा गरम केला तर त्यातून हायड्रोजन पलीकडे निघतो आणि बाकीचे वायू अलीकडेच राहतात. अतिशुद्ध हायड्रोजन मिळवण्यासाठी पॅलेडियम-चांदीच्या मिश्रधातूचा असा पडदा आजही वापरतात.

हिशेब करून पाहू

लोखंडाची भूक पॅलेडियमच्या मानाने फारच कमी. पण नुकसान व्हायला थोडासा हायड्रोजनही पुरतो. एक किलो कडक पोलादात दोन-चार मिलिग्रॅम हायड्रोजन असला तरी ते धोक्यात येते.

तो आत किती वेगाने फिरतो? अगदी शुद्ध लोखंडात, खोलीच्या तापमानाला, हायड्रोजनचा अणू एका सेकंदात साधारण ०.१ मिलिमीटर अंतर पसरतो. घन धातूच्या मानाने हा वेग अफाट आहे. कडक पोलादात मात्र कणांच्या सीमा, बारीक अशुद्धी आणि रचनेतले दोष अशा अडकायच्या जागा पुष्कळ असतात. तिथे तेवढेच अंतर कापायला पंधरा-वीस मिनिटेही लागू शकतात.

आता विसरणाचा नियम पाहा. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो, आणि अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टात मध्यापासून बाहेरपर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या ५० पट. वेळ लागेल ५० गुणिले ५०, म्हणजे २५०० पट. सतरा मिनिटांना २५०० ने गुणले तर उत्तर येते जवळपास एक महिना. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. बोल्ट नुसता रात्रभर टोपलीत ठेवला म्हणून आतला हायड्रोजन निघून जात नाही. शिवाय वर जस्ताचा थर असतो, आणि जस्तातून हायड्रोजन सहज जात नाही. गंज अडवायला दिलेला मुलामा हायड्रोजनलाही आतच कोंडून ठेवतो.

मग तुटते कसे?

बोल्ट आवळला की तो ताणला जातो. आट्यांच्या खाचेत आणि डोक्याखालच्या कोपऱ्यात हा ताण सर्वांत जास्त असतो. तिथे लोखंडाच्या अणूंमधल्या फटी किंचित रुंदावतात आणि आत भटकणारा हायड्रोजन तिकडे ओढला जातो. हळूहळू तिथे त्याची गर्दी होते, धातूची पकड ढिली पडते आणि केसाएवढी भेग पडते. भेगेच्या टोकाशी ताण आणखी वाढतो, आणखी हायड्रोजन तिकडे जातो, भेग पुढे सरकते. उरलेल्या भागाला ओझे पेलेनासे झाले की बोल्ट एका क्षणात तुटतो. आवळताना काही न होता तो दोन दिवसांनी तुटतो, त्याचे कारण हेच. हायड्रोजनला चालत तिथपर्यंत जायला वेळ लागतो.

मऊ लोखंडाला याचा फारसा त्रास नाही, कारण ताण आला तर ते थोडे वाकून घेते. कडक पोलाद वाकत नाही. बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा असतो. त्यातल्या पहिल्या आकड्यावरून ताकद कळते. ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण ८० किलोचा ताण, १२ म्हणजे १२० किलोचा. ८.८ ला हायड्रोजनची भीती सहसा नसते. १०.९ ला सावध राहावे. १२.९ आणि कडक स्प्रिंग, स्प्रिंग वॉशर, सर्कलिप यांना खरा धोका असतो. जास्त ताकदीचा बोल्ट म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज मुलामा दिलेल्या बोल्टाबाबत नेहमी खरा नाही.

ही माहिती नवी नाही. १८७५ साली विल्यम जॉन्सन याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले होते. तेजाबात थोडा वेळ बुडवलेली लोखंडी तार वाकवली की तुटते, तुटलेला भाग ओला केला तर त्यातून बुडबुडे निघतात, आणि तार काही काळ ठेवली किंवा गरम केली तर तिचा चिवटपणा परत येतो, हे त्याने पाहिले. पोलादावर हा परिणाम लोखंडापेक्षा जास्त होतो, हेही त्याने नोंदवले. रोग आणि इलाज दोन्ही तेव्हाच सापडले होते.

भट्टीचे तास

इलाज म्हणजे उष्णता. मुलामा दिलेला कडक माल १९० ते २२० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत ठेवतात. या कामाला बेकिंग म्हणतात. गरमीत हायड्रोजनच्या उड्या कितीतरी पटींनी वाढतात, अडकलेले अणू सुटतात आणि बरेचसे बाहेर पडतात. जे उरतात ते खोल, निरुपद्रवी जागी जाऊन बसतात. पोलाद जितके कडक, तितका वेळ जास्त. साधारण ८ तासांपासून २२-२४ तासांपर्यंत तो लागतो. प्लेटिंग झाल्यावर माल लवकर, चार तासांच्या आत भट्टीत जावा, असा रिवाज आहे. कारण एकदा भेग पडली की भट्टी ती सांधू शकत नाही. बेकिंग हायड्रोजन काढते, भेग बुजवत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी प्लेटिंग, मग बेकिंग, आणि त्यानंतर पिवळा किंवा निळसर रंग देणारे पॅसिव्हेशन. उलटे केले तर भट्टीच्या गरमीने तो रंगीत थर खराब होतो. म्हणून कुणी चमक टिकवण्यासाठी भट्टीच टाळली, तर माल दिसायला सुंदर आणि आतून धोक्याचा.

आता खरी अडचण सांगते. बेक केलेला आणि न केलेला बोल्ट दिसायला एकसारखाच असतो. वजन तेच, माप तेच, चमक तीच. भट्टीला वीज किंवा गॅस लागतो, गाळ्याचे भाडे चालू असते, आणि पार्टी संध्याकाळी टेम्पो घेऊन दारात उभी असते. अशा एका गाळ्यात काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने मला विचारले, "टीचर, सेठ म्हणतात दोन तास झाले की बंद कर. आठ तास कोण बघायला येतंय? खरंच काही फरक पडतो का?"

मी त्याला वर दिलेला महिन्याचा हिशेब करून दाखवला. मग म्हटले, "बाळा, फरक बघायला गाळ्यात कुणी येत नाही. तो बोल्ट जिथे बसतो तिथे दिसतो. कुणाच्या लिफ्टच्या मोटरला, कुणाच्या प्रेसला, कुणाच्या बाइकला."

काही दिवसांनी त्याने सांगितले, की माल आला की डोक्यावरचा आकडा तो आधी वाचतो आणि १२.९ चा ढीग वेगळा ठेवतो. सेठनाही आकड्याचा अर्थ समजावला. साध्या मालाला भट्टीची गरजच नाही हे कळल्यावर सेठही म्हणाले, "मग जेवढ्याला लागते तेवढ्याला पुरे तास दे." माहिती असली की इमानदारी परवडते, हे मला त्यातून दिसले.

गाळ्याबाहेरचे दोन दाखले

हा प्रश्न फक्त गल्लीतल्या गाळ्यांचा आहे असे कुणी समजू नये. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या नव्या बे ब्रिजवर मार्च २०१३ मध्ये जाडजूड पोलादी सळ्या आवळल्या गेल्या. जाडी सुमारे ७५ मिलिमीटर, वर जस्ताचा मुलामा. एकूण ९६ सळ्यांपैकी ३२ काही दिवसांतच तुटल्या. कारण निघाले हायड्रोजनचे. पोलाद जास्त कडक होते, आणि ज्या भोकांत सळ्या उभ्या होत्या तिथे पाणी साचले होते. पाण्याने धातू झिजतानाही हायड्रोजन तयार होतो आणि आत शिरतो. म्हणजे भट्टी नीट केली तरी नंतर ओल धरली तर हा पाहुणा दुसऱ्या दाराने येतो. सुदैवाने पूल तेव्हा खुला झालेला नव्हता. पर्यायी आधार बसवून तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झाला.

दुसरा दाखला आपल्याच महाराष्ट्रातला. पालघर जिल्ह्यात तारापूरला अणुवीज केंद्र आहे. तिथल्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. प्रत्येक भट्टीत झिर्कोनियम या धातूच्या मिश्रणाच्या ३९२ नळ्या असतात. त्यांच्या आत इंधन असते आणि सुमारे ३०० अंशांचे जड पाणी दाबाखाली वाहते. वर्षानुवर्षे या पाण्याशी संबंध येऊन धातू किंचित झिजतो आणि हायड्रोजनचा जड भाऊ ड्यूटेरियम नळीत थोडा थोडा जज़्ब होतो. गरम असताना झिर्कोनियम त्याला सामावून घेतो. थंड झाल्यावर मात्र त्याच्या ठिसूळ पापड्या जमतात. कॅनडातल्या पिकरिंग केंद्रात १ ऑगस्ट १९८३ रोजी अशीच एक नळी फुटली. तिच्या एका थंड जागी हायड्रोजन येऊन साठला होता. कुणी जखमी झाले नाही, पण जगभरच्या अशा भट्ट्यांना धडा मिळाला. तारापूरच्या या भट्ट्यांतल्या नळ्या झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम मिसळून केलेल्या आहेत, कारण हा मिश्रधातू जुन्यापेक्षा कमी हायड्रोजन शोषतो. शिवाय अशा नळ्यांत किती हायड्रोजन जमला, याची वेळोवेळी तपासणी करावी लागते.

हाच गुण उपयोगीही पडतो. घरात टॉर्चला किंवा खेळण्याला आपण रिचार्जेबल सेल वापरतो. त्यांपैकी ज्यांवर निकेल-मेटल हायड्राइड असे लिहिलेले असते, त्यांच्या आत हायड्रोजन पिणारा मिश्रधातू असतो. चार्ज करताना तो हायड्रोजन पितो आणि टॉर्च पेटली की सोडतो. एके ठिकाणचा उपद्रव दुसरीकडे कामाचा ठरतो तो असा.

आपण काय करावे?

घरात गंजलेली स्प्रिंग, कात्री, पाना किंवा ड्रिलचे पाते स्वच्छ करायला संडासाचे ॲसिड वापरू नका. ही सगळी कडक पोलादाची असतात. रॉकेल, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर पुरेसे आहेत. खिडकीची साधी जाळी मऊ लोखंडाची असते, तिला ठिसूळपणाचा हा धोका नाही. पण ॲसिड हाताला आणि फुप्फुसाला वाईटच.

मशीनसाठी १२.९ चा बोल्ट घेताना चकचकीत पांढरा-पिवळा माल दिसला तर दुकानदाराला बेकिंग झाले आहे का, ते विचारा. तो सांगू शकत नसेल तर काळा, तेल लावलेला बोल्ट घ्या. मोठ्या ऑर्डरसाठी विजेशिवाय लावला जाणारा झिंक फ्लेकचा थरही मिळतो. त्यात तेजाबाची आणि विजेची टाकी टळते.

गाळ्यात काम करणाऱ्या मुलांनी तीन गोष्टी पाळाव्यात. कडक माल तेजाबात गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये. टाकीतून निघालेला असा माल रात्रभर तसाच न ठेवता लवकर भट्टीत घालावा. आणि भट्टीत माल केव्हा गेला, केव्हा निघाला, ते वहीत लिहावे. टाकीवरचे बुडबुडे पेट घेणाऱ्या वायूचे असतात, म्हणून पंखा चालू हवा आणि जवळपास विडी-सिगारेट नको.

ज्यांची मुले या वर्षी दहावीला आहेत, त्यांनी विद्युत विलेपनाचा पाठ वाचताना मुलांना घरातल्या कामकरी माणसाशेजारी बसवावे. पुस्तकातली आकृती आणि चाचांच्या हातावरचे तेजाबाचे डाग एकाच विज्ञानाचे आहेत. चाचांना टाकी माहीत आहे, मुलाला अणू माहीत आहे. दोघे अर्धा तास बोलले तर दोघांचेही शिक्षण होईल. भट्टीचे तास पुरे केले की अधुरे सोडले, हे बोल्ट वापरणाऱ्याला कधीच कळत नाही. त्याने आपल्यावर भरवसा ठेवलेला असतो. ती अमानत आहे, आणि ती सांभाळायला आठ तास फार नाहीत.